चादरीचं दुसरं टोक

तिने चादर सोडली. निसटली वगैरे अजिबात नाही. तिने नीट माझ्याकडे बघितलं, दोन्ही हातांची बोटं उघडली आणि आपल्याकडची दोन टोकं जमिनीवर जाऊ दिली. चादर रुग्णालयाची, जाड विणीची, नुकतीच वाळवणी यंत्रातून निघालेली, पावासारखी गरम. माझ्याकडची दोन टोकं माझ्या हातात तशीच राहिली. मोर्चातले सगळे पांगल्यावरही फलक धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा मी रुग्णालयाच्या तळघरातल्या लाँड्रीत उभा होतो आणि फलकावर काहीही लिहिलेलं नव्हतं. मी एवढंच विचारलं होतं, की तुमच्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता. प्रश्न माझा नव्हता, छापील होता, प्रबंधासाठी माझ्या विद्यापीठाने दिलेला होता. तो मी इतक्या आदराने विचारला होता की विचारताना किंचित वाकलोही होतो. ‘‘हे विचारायला तुझ्या आधी एक येऊन गेलाय,’’ मावशी म्हणाली. मावशी म्हणजे लाँड्रीतली सर्वांत जुनी बाई. ती कोणाची मावशी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, पण तिच्यासमोर आपण सगळे भाचे आहोत याबद्दल शंका नव्हती. मी विचारलं, ‘‘मग त्याचं काय झालं?’’ ‘‘त्याचं काय व्हायचंय? झाला असेल मोठा साहेब. झालं ते आमचं.’’ आणि तिने पायाने जमीन दाखवली. घड्या घालायच्या टेबलाभोवती पिवळी चिकटपट्टी लावून एक चौकोन आखला होता. मी तिथे तीन आठवडे येत होतो आणि त्या चौकोनात रोज उभा राहत होतो. मला वाटलं होतं ती सजावट आहे.

हकीकत अशी, की तो आधीचा अभ्यासक फार सज्जन होता. त्याने सगळ्यांना विचारलं, कंटाळा कशाचा येतो, आणि सगळ्यांनी सांगितलं, घड्यांचा. त्याने ते प्रामाणिकपणे लिहिलं, त्याचा अहवाल प्रामाणिकपणे वरच्या मजल्यावर गेला आणि वरच्या मजल्याने त्याहून प्रामाणिकपणे घड्या घालणारं यंत्र मागवायचं ठरवलं. यंत्र चौकोनात बसणार, टेबल बाहेर जाणार आणि लाँड्रीतले निम्मे लोक वेगवेगळ्या वॉर्डांत विखुरले जाणार. महिनाअखेरीच्या बैठकीत शेवटची सही. ‘‘पण कंटाळा येतो हे तुम्हीच सांगितलंत ना?’’ मी म्हणालो. ‘‘येतोच की,’’ मावशी म्हणाली, ‘‘संसाराचाही येतो. म्हणून कोणी नवऱ्याच्या जागी यंत्र बसवतं का?’’ ‘‘बसवत असतील तर माझ्या बायकोचा अर्ज पहिला,’’ मागून खांब म्हणाला. खांब हा धुलाई यंत्रांवरचा माणूस. इतका उंच की तळघरातल्या नळ्यांखालून जाताना तो प्रत्येक नळीला वेगळं नमन करत असे. सगळे हसले. चादर अजून जमिनीवरच होती. मी माझी टोकं सोडली नाहीत. सोडली असती तर मी त्या खोलीतून गेलो असतो, हे मला का कोण जाणे त्या क्षणी पक्कं कळलं. मी खाली वाकलो, पडलेली टोकं उचलली, मावशीच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘‘ही परत धुवावी लागेल.’’ ‘‘तूच धुशील,’’ ती म्हणाली. मी धुतली.

त्या टेबलाबद्दल सांगायला हवं. लाँड्रीत धुलाई यंत्रांचा असा आवाज असतो की तिथे माणसं बोलत नाहीत, फक्त तोंडं हलवतात. पहिल्या आठवड्यात मी तिथे ध्वनिमुद्रण यंत्र लावून मुलाखती घेतल्या होत्या. घरी येऊन ऐकल्या तेव्हा सगळ्यांच्या आयुष्यात फक्त समुद्र होता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो समुद्र डोळे मिटून ऐकला आणि ‘‘याला आपण परिसरध्वनी म्हणू या,’’ असं म्हणून मला धीर दिला. बोलणं होतं ते आतल्या खोलीत, घडीच्या टेबलापाशी, आणि तेही सलग नाही. चादर मोठी असते, तिला दोन माणसं लागतात. दोघं लांब उभी राहून ती ताणतात, तेव्हा ऐकू येत नाही. मग टोकं जुळवायला एकमेकांकडे चालत येतात, चेहरे वीतभर अंतरावर येतात आणि तेवढ्यात एक वाक्य मावतं. फार तर दीड. मग पुन्हा लांब. त्यामुळे तिथे कोणी भाषण करत नाही. लांब गेल्यावर समोरच्याला त्या वाक्याचा विचार करायला वेळ मिळतो आणि तो परत येतो तेव्हा रागावायचं असेल तर राग थोडा दुमडलेला असतो. शिवाय तिथला नियम होता: एक चादर तुझी, एक चादर माझी. एका चादरीत तू विचार, पुढच्या चादरीत मी. हा नियम कोणी केला, विचारलं तर खांब म्हणाला, ‘‘चादरीनेच. तिला दोन्हीकडून माणूस लागतो ना.’’ आणि मी तीन आठवडे सगळ्या चादरी माझ्याच समजून बसलो होतो.

त्या संध्याकाळी बसच्या खिडकीशी बसलो तरी तळहातांना चादरीची ऊब होती. समोरच्या बाकावरचा माणूस फोनवर कुणाला तरी ‘‘तुम्ही आधी माझं ऐकून घ्या’’ असं पुन्हापुन्हा सांगत होता, आणि पलीकडचा ऐकत नव्हता हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. मला शिडी आठवली. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या शाळेत एक बाई मुलांची बुद्धी मोजायला आल्या होत्या. त्यांच्याकडे चित्रांचे जाड कागद होते. गाय, कुत्रा, कोंबडी आणि शिडी. यातलं वेगळं कोण? मी म्हणालो, गाय. कारण त्या चित्रातली गाय दुःखी होती आणि बाकीचे तिघे, शिडीसुद्धा, मजेत दिसत होते. बाईंनी का ते विचारलं नाही. एक खूण केली. त्यांच्या हाताला खडूचा आणि लिंबाच्या गोळीचा वास होता, हे मला अजून आठवतं. खूण करताना त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि त्या हसण्यात इतकी माया होती की मी पुढच्या चारही प्रश्नांना गायच म्हणालो. महिन्याभराने घरी पत्रक आलं. तेव्हापासून आई माझ्याशी वर्षभर सावकाश बोलत होती. ‘‘बा-ळा, पा-णी, हवं का?’’ मी पूर्वीचाच होतो, भरभर पळत होतो, आजीच्या गोष्टीतल्या चुका काढत होतो, पण आईने कागद वाचला होता. बाबा रात्री तिला म्हणायचे, ‘‘अगं, हुशार आहे तो,’’ आणि ती म्हणायची, ‘‘अहो, तपासून सांगितलंय.’’ गंमत अशी, की काही दिवसांनी मीही सावकाश उत्तरं द्यायला लागलो. कोणी इतक्या प्रेमाने आपल्याला मंद समजत असेल तर त्याचा विरस करवत नाही. बस थांबली, फोनवरचा माणूस उतरला आणि मला वाटलं, त्या बाईंना शोधून काढावं आणि सांगावं की बाई, शिडी. मला माहीत होतं. शिडीच. पण तुम्ही गाय जरा बघायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या वाट्याची चादर आली तेव्हा मी हे मावशीला सांगितलं. दीड-दीड वाक्यांत सांगायला मला नऊ-दहा चादरी लागल्या, आणि नियमाप्रमाणे त्या सगळ्या सलग माझ्या नव्हत्या. त्यामुळे मध्येच तिच्या गुडघ्याचं दुखणं, खांबच्या सासऱ्यांचा मुक्काम आणि वरच्या कोणत्या डॉक्टरांचं कोणाशी बिनसलंय हेही येत गेलं. शेवटच्या चादरीला ती जवळ आली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे तुझाही अहवाल कोणीतरी वर पाठवला होता.’’ मग लांब गेली. परत आली तेव्हा म्हणाली, ‘‘आणि आई अजून सावकाश बोलते?’’ ‘‘आता ती भरभर बोलते आणि मला कळत नाही.’’ मावशी इतकी हसली की चादर तिरकी दुमडली गेली, आणि ती तिरकी घडी तिने मोडून पुन्हा घालायला लावली, कारण हसणं हसण्याच्या जागी आणि कड कडेच्या जागी. मग ती पुढचं वाक्य बोलली आणि म्हणाली, ‘‘हे लिही.’’ त्यापुढचं बोलली आणि म्हणाली, ‘‘हे नको.’’ असा आमचा अभ्यास सुरू झाला.

अभ्यासाचा प्रश्न लाँड्रीनेच ठरवला: टेबल गेलं तर काय काय जाईल? उत्तर महिनाअखेरीच्या बैठकीत मांडायचं, त्यासाठी मी वेळ मागून घेतला. सगळ्यांनी सगळ्यांबरोबर घड्या घालायच्या, आपापल्या चादरीत विचारायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत जे सांगण्याजोगं असेल ते सर्वांसमोर मांडायचं. वाचायला गोड वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या दोन दिवसांत भांडणं झाली. खांबने स्वतःची प्रश्नावली केली. तिच्यातला पहिला प्रश्न असा: ‘संचालकांना लाज वाटते का? हो / हो.’ मी त्याला समजावलं, की प्रश्नातच उत्तर घालून चालत नाही, माणसाला वेगळं म्हणायची जागा ठेवावी लागते. ‘‘बरं,’’ खांब म्हणाला आणि तिसरा पर्याय घातला: ‘खूप.’ इस्त्रीवरच्या दोघी बहिणी एकमेकींच्या मुलाखती घेता घेता माहेरच्या पितळी हंड्यावर घसरल्या आणि दोन दिवस एका चादरीला हात लावेनात. एका चादरीवर कोणीतरी पेनाने टिपणं काढली आणि ती चादर तशीच चौथ्या मजल्यावर गेली. तिथल्या रुग्णाने ती रात्रभर वाचली आणि सकाळी तक्रार केली की गोष्ट अर्धवट आहे. मी खूश होतो. इतक्या चुका करायला मला विद्यापीठात पाच वर्षं लागली होती, यांनी आठवड्यात उरकल्या.

पण रात्री आडवा पडलो की दिवसभरातल्या चादरी पुन्हा उलगडायच्या. माझ्यातला एक जण तिथेही टिपणं घेत होता. मावशी हसली की तो मनात नोंद करायचा: हसली. तो हसण्यात सामील असायचा आणि तरी खोलीच्या कोपऱ्यात उभा असायचा, हात मागे बांधून, लग्नात आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखा. त्याला लाँड्रीतल्या लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं असं वाटायचं, आणि असं वाटतं याचीही त्याला नोंद करायची असायची. त्यात ‘हे नको’चा ढीग वाढत चालला होता. कोण कोणाच्या पाळीला गुपचूप उभं राहिलं, कोणाला कसला आजार आहे, कोणाच्या मुलीला कोणी कुठून सोडवून आणलं, टेबलाचं खरं महत्त्व ज्यांत होतं त्या गोष्टी म्हणजे नेमके ‘हे नको’ होते. माझ्या अभ्यासातली सर्वोत्तम माहिती लिहायची मला परवानगी नाही, आणि इथेही मी ती लिहिणार नाही, उगाच पुढच्या ओळीची वाट बघू नका. मी मॅडमकडे गेलो. मॅडम चांगल्या होत्या. ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्याकडेच अभ्यासाची सूत्रं द्यावीत, असं त्यांनी आयुष्यभर लिहिलं होतं. कोणी खरोखर दिली असतील असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं. ‘‘मुलाखती किती झाल्या?’’ ‘‘मोजता येत नाहीत, मॅडम. तुकड्यातुकड्यांत आहेत.’’ ‘‘विश्लेषणाचं एकक काय धरलंय?’’ ‘‘चादर.’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘आणि निष्कर्ष?’’ ‘‘बहुतेक निष्कर्षांना नको म्हणालेत.’’ तो पुसून परत घातला. मला वाटलं, गेलं, माझं सगळं गेलं, आता आई पुन्हा सावकाश बोलणार. मग त्या म्हणाल्या, ‘‘अरे, वीस वर्षं मी हेच शिकवतेय. मला वाटलं नव्हतं की कोणी ऐकत असेल,’’ आणि विचारलं, की बैठकीला त्या आल्या तर लाँड्रीची हरकत नाही ना. मी म्हटलं, विचारून सांगतो. लाँड्रीने हात वर करून परवानगी दिली. खांबचा हात नळीला लागला.

बैठकीच्या दिवशी सातव्या मजल्यावरच्या सभागृहात लांबलचक चकचकीत टेबल होतं आणि त्यावर पाण्याच्या बाटल्या अशा ओळीने मांडल्या होत्या की तहान लागायची भीती वाटावी. संचालक, हिशेबखात्याचे प्रमुख, मुख्य परिचारिका आणि यंत्राची माहितीपत्रकं. आमच्याकडे वेळ कमी होता. दुपारच्या शस्त्रक्रियांच्या चादरी खोळंबल्या होत्या, लाँड्री बंद ठेवून येणं शक्यच नव्हतं, म्हणून लाँड्री ट्रॉली घेऊन आली. गरम चादरींचा डोंगर. चाकांची करकर. सभागृहातल्या थंडगार हवेत त्या डोंगरातून वाफ निघत होती आणि साबणाचा वास भिंतीवरच्या माजी संचालकांच्या फोटोंपर्यंत पोचला होता. ‘‘हे काय?’’ संचालक म्हणाले. मी उठलो. मला सादरीकरण करायचं होतं, माझ्याकडे वाक्यं होती, चांगली होती, दोन तर फारच चांगली होती. पण मावशी म्हणाली, ‘‘साहेब, काम थांबवता येत नाही, आम्ही घालता घालता सांगतो,’’ आणि चकचकीत टेबलावर पहिली चादर पसरली. आमच्यात एक बाई होती, परमुलखातून आलेली, तिला सगळे ‘तिकडची’ म्हणत. तिची अख्खी मराठी घडीच्या टेबलाशी शिकलेली असल्यामुळे तिला एवढेच शब्द येत: ये, जा, धर, ओढ, नवरा, मेला, आणि हस की. ती सरळ संचालकांसमोर जाऊन उभी राहिली, चादरीची दोन टोकं पुढे केली आणि म्हणाली, ‘‘धर.’’

आयुष्यात काही क्षण असे येतात की सगळ्या खोलीला एकच पोट असतं आणि ते आत ओढलेलं असतं. संचालकांनी आजूबाजूला बघितलं. नाही म्हणायला शब्द लागतात, आणि तिच्या शब्दांत ‘नाही’ बसत नव्हतं. त्यांनी धरलं. ‘‘ओढ,’’ ती म्हणाली. त्यांनी ओढलं. ‘‘ये.’’ ते आले. वीतभर अंतरावर आल्यावर तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, जसं आजारी माणसाकडे बघतात, आणि म्हणाली, ‘‘हस की.’’ मुख्य परिचारिका खोकल्या. तेवढ्यात खांबने त्यांच्या हातात दुसऱ्या चादरीची टोकं दिली होती आणि समोरची टोकं हिशेबप्रमुखांच्या. हे दोघं कुठल्याशा जुन्या खरेदीवरून एकमेकांशी फक्त चिठ्ठ्यांतून बोलत असत, हे अख्ख्या रुग्णालयाला माहीत होतं. चादर ताणली गेली. ते लांब होते तोवर ठीक होतं. मग टोकं जुळवायला चालत यावं लागलं. पहिल्या चादरीला दोघांनी फक्त एकमेकांच्या कडा तपासल्या. दुसरीला परिचारिका म्हणाल्या, ‘‘तुमची कड वाकडी आहे.’’ तिसरीला ते म्हणाले, ‘‘तुम्ही जास्त ओढता.’’ पाचवी की सहावी चादर असेल, ते जवळ आले आणि काहीतरी इतकं हळू बोलले की त्या लांब जायच्या विसरल्या. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या, डोळे पुसत होत्या आणि पुसायला त्यांनी उशीचा अभ्रा घेतला होता, तो पुन्हा धुवायला टाकावा लागला. मावशी संचालकांच्या समोर गेली होती. एका चादरीत त्यांनी विचारलं, यंत्र का नको. पुढच्या चादरीत तिने सांगितलं. मग तिची पाळी, तिने विचारलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. संचालक जवळ आले, उत्तर देऊ लागले, थांबले, लांब गेले, पुन्हा आले आणि बराच वेळ बोलले, दीड वाक्यापेक्षा पुष्कळ जास्त. मग त्यांनी वळून माझ्याकडे बोट केलं आणि मावशीला विचारलं, ‘‘हा लिहितोय का?’’ ‘‘तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार,’’ ती म्हणाली. ‘‘नको,’’ संचालक म्हणाले. माझ्या कोपऱ्यात हात मागे बांधून उभा असलेला तो दूरचा नातेवाईक, तोसुद्धा त्या क्षणी पुढे आला आणि एका चादरीचं टोक धरून उभा राहिला. त्याला नोंद करायला काही उरलं नाही. त्याचे दोन्ही हात गुंतले होते.

ट्रॉली रिकामी झाली तेव्हा संचालकांच्या बाह्या वर होत्या आणि त्यांनी घातलेल्या घड्या, खरं सांगायचं तर, कामचलाऊ होत्या. ते माहितीपत्रकं गोळा करत म्हणाले, ‘‘टेबल राहील. माणसंही राहतील. यंत्राचं मी बघतो.’’ साधं बोलले, जसं कोणी म्हणतं, चहा राहू दे. हिशेबप्रमुख म्हणाले, ‘‘पण अहवालात लिहिलंय...’’ आणि मुख्य परिचारिका त्यांच्या चादरीचं शेवटचं टोक नीट करत म्हणाल्या, ‘‘अहवाल लिहिणाऱ्याने घडी घातली होती का?’’ खांबने एवढ्या जोरात टाळी वाजवली की दोन बाटल्या आडव्या झाल्या. मग कोणालाच आवरेना. इस्त्रीवाल्या बहिणींनी एकमेकींना मिठी मारली, हंडा कुठल्या कुठे गेला. तिकडची आपले सगळे शब्द एकदम म्हणत सुटली, ‘‘ये जा धर ओढ मेला!’’ आणि कोणीतरी तिला आणखी एक शब्द शिकवला, जिंकलो, तो ती वाटेल तिथे लावायला लागली. मॅडमनी माझा दंड धरला. ‘‘प्रबंधावर नाव कोणाचं घालणार?’’ ‘‘ठरवतील ते,’’ मी म्हणालो आणि ट्रॉली ढकलायला लागलो. सगळे ट्रॉलीसकट मोठ्या लिफ्टमध्ये शिरले. साहेबलोकांच्या, आरशाच्या लिफ्टमध्ये. मावशी, बहिणी, तिकडची, मान वाकडी केलेला खांब, घड्यांचे गठ्ठे, आणि मॅडमसुद्धा, उशीच्या अभ्र्यासकट. माझ्यापुरती जागा उरली नाही. दार बंद होताना आत हसण्याचा एवढा दाब होता की लिफ्ट वर जाईल असं वाटलं.

मी जिन्याने धावलो. का धावलो माहीत नाही, कोणी पाठी लागलं नव्हतं आणि खाली काही जळत नव्हतं. दोन-दोन पायऱ्या, मग तीन-तीन, कठडा तळव्याखाली गरम होत गेला, वळणावळणावर खिडक्यांतून दुपारचं ऊन अंगावर सपासप पडत होतं, एका डॉक्टरांना ‘‘सरका हो!’’ म्हणालो आणि ते सरकले, आणि मी जन्मात एवढ्या वेगाने कोणत्याही कामाला गेलो नव्हतो. तळघरात पोचलो तेव्हा लाँड्री रिकामी होती. यंत्रं आपापल्या समुद्रात फिरत होती. मी गुडघ्यांवर बसलो आणि पिवळ्या चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं. ती लांबच्या लांब, एका दमात, चर्रर्र करत निघाली. पाठीमागे लिफ्टचं दार उघडलं आणि सगळी बाहेर सांडली. मावशीने माझ्या हातातला पट्टीचा चिकट गोळा बघितला, धापा बघितल्या.

‘‘आमच्या आधी पोचलास?’’ ती म्हणाली. ‘‘बरं झालं. तीन नंबरचं यंत्र थांबलंय बघ. ओल्या चादरी जड असतात, कंबर सांभाळून काढ.’’

मी कंबर सांभाळून काढल्या.